नियुक्तीपत्रातली इंग्रजी आधी शिकवा

मा. संपादक महोदय,

रोजगार मेळावे, आयटीआयतली कॅम्पस भरती, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत लागलेली गावाकडची पोरं, या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. ‘इतक्या उमेदवारांना नियुक्तीपत्रे वाटली’ असे त्यात लिहिलेले असते. त्या पत्रात काय लिहिले होते आणि ज्याच्या हातात ते पडले त्याला त्यातले किती कळले, हे मात्र कुठे छापून येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता, म्हणजे कामगारांसाठीचे नवे कायदे, लागू झाल्या. आता प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. पण खासगी कंपन्यांची ही पत्रे बहुतेक इंग्रजीत असतात आणि आपल्याकडचे इंग्रजीचे वर्ग अजून ‘माय सेल्फ’ आणि ‘माय हॉबी’ यांतून बाहेर आलेले नाहीत.

वर्ग परवडत नाही तो मोबाइलवर शिकतो. नोकरीच्या इंग्रजीचे जे फुकट धडे तिथे मिळतात, त्यांत स्पॅनिश बोलणाऱ्या नोकरदारांसाठी केलेले धडेही असतात. धडे वाईट नसतात, पण ज्यांच्यासाठी केले त्यांची अडचण वेगळी आहे. स्पॅनिश लॅटिनमधूनच निघाली आणि इंग्रजीनेही लॅटिनमधून भरपूर शब्द घेतले. त्यामुळे सॅलरीला त्यांच्याकडे ‘सालारिओ’ आहे, कॉन्ट्रॅक्टला ‘कोन्त्रातो’ आहे, एम्प्लॉयीला ‘एम्प्लेआदो’ आहे. पुष्कळ शब्द त्यांना न शिकताच ओळखता येतात. ते अडखळतात सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांवर. ‘कोलेहियो’ म्हणजे शाळा, पण अर्जात तो ‘कॉलेज’ लिहून बसतो. ‘एक्सितो’ म्हणजे यश, ‘एक्झिट’शी त्याचा संबंध नाही. ‘फोर्मासिओन’ म्हणजे प्रशिक्षण, तो ‘फॉर्मेशन’ लिहितो. ‘हुबिलासिओन’ म्हणजे निवृत्ती, आणि इंग्रजीतला ‘ज्युबिलेशन’ म्हणजे जल्लोष. म्हणून त्यांचे पुष्कळ धडे अशा फसव्या जोड्यांभोवती बांधलेले असतात.

मराठी पोराला ‘सालारिओ म्हणजे सॅलरी’ हे सांगून काही हाती लागत नाही. मात्र फसवे शब्द त्याच्याकडेही आहेत आणि ते जास्त घातक आहेत, कारण ते इंग्रजीतूनच आले आणि गावात येऊन त्यांचा अर्थ बदलला. ‘नोकरी कन्फर्म झाली’ म्हणजे आपल्याकडे नोकरी मिळाली. नियुक्तीपत्रातले ‘कन्फर्मेशन’ म्हणजे सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा प्रोबेशन, म्हणजे कामगाराला पारखण्याचा काळ, संपून नोकरी कायम होणे, आणि बहुतेक पत्रांत त्यासाठी वेगळे पत्र मिळेल असे लिहिलेले असते. ते पत्र मागितले नाही तर माणूस दोन-दोन वर्षे प्रोबेशनवरच राहतो. ‘बाँड’ म्हटले की गावात स्टॅम्प पेपर डोळ्यांसमोर येतो, पूर्वीचा शंभराचा आणि ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा. कंपनीच्या कागदावर बाँड म्हणजे ‘इतकी वर्षे काम करीन, आधी सोडले तर इतके रुपये भरीन’ हा करार. स्टॅम्प पेपरला कोणी घाबरत नाही, म्हणून पोरं त्यावर न वाचता सही करतात. ‘बायोडाटा’ आपल्याकडे लग्नाचा असतो. नोकरीला तोच दिला तर उंची, रक्तगट, जात, मामाचे कूळ सगळे जाते आणि कोणत्या मशिनवर काम केले तेवढे राहून जाते. आणि ‘डबल ड्यूटी’! कागदावर शब्द आहे ओव्हरटाइम, आणि कायद्याने त्याचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट आहे. ‘डबल ड्यूटी’ म्हटले की दुसऱ्या पाळीचे साधे पैसे घेऊन माणूस खूश होतो. शब्द बदलला की पैसे बदलतात, ते असे.

सगळ्यात जास्त फसवणूक ‘पॅकेज’ या शब्दाने होते, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडतो. पत्रात लिहिलेले असते सी.टी.सी. २,४०,०००, म्हणजे कंपनीला तुमच्यापायी वर्षाला येणारा एकूण खर्च. घरचे बारा महिन्यांनी भागतात आणि महिन्याला २०,००० धरून खोलीचे भाडे, गाडीचा हप्ता ठरवून टाकतात. आता या वीस हजारांत काय-काय असते ते पाहा. समजा मूळ वेतन, म्हणजे बेसिक, १०,००० आहे. कंपनीचा पी.एफ.चा वाटा बेसिकच्या १२ टक्के, १,२०० रुपये, बहुतेक कंपन्या याच वीस हजारांत धरतात. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सुटताना सेवेबद्दल मिळणाऱ्या एकरकमी पैशाची, तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे ४८१ रुपये, तीही यातच. बोनस ८.३३ टक्क्यांनी ८३३ रुपये महिन्याला मोजलेला असतो, पण तो मिळतो वर्षातून एकदा. हे तीन आकडे वजा केले की १७,४८६ उरतात. याला म्हणायचे ग्रॉस. पगारपत्रकात कमाईच्या रकान्याखाली हाच आकडा दिसतो. आता कपातीचा रकाना. स्वतःचा पी.एफ. १,२०० आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. शिल्लक १६,०८६. हा झाला नेट, आपल्या भाषेत हातात येणारा पगार. महिला कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांना १६,२८६ मिळायला हवेत. ई.एस.आय.सी., म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणखी जातात, आणि कंपनीचे ३.२५ टक्केही पुष्कळदा त्याच पॅकेजमध्ये धरलेले असतात. कॅन्टीन, बस, गणवेश यांची कपात याहून वेगळी. वीस हजारांची आशा असलेल्या घरात सोळा हजारांच्या आत पैसे आले की पोराने बाकीचे उडवले असा संशय घेतला जातो. त्यावरून घराघरांत भांडणे होतात आणि त्यात पोराचा काही दोष नसतो.

पी.एफ.च्या पासबुकातही असाच घोळ होतो. ‘माझे बाराशे, कंपनीचे बाराशे, मग खात्यात चोवीसशे का नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो. कंपनीच्या १,२०० पैकी ८.३३ टक्के, म्हणजे ८३३ रुपये, पेन्शनच्या रकान्यात जातात आणि फक्त ३६७ पी.एफ.मध्ये. म्हणून पी.एफ. म्हणून दरमहा १,५६७ दिसतात. पैसे कोणी खाल्ले नाहीत. ‘कॉन्ट्रिब्यूशन’, ‘एम्प्लॉयी शेअर’, ‘एम्प्लॉयर शेअर’ हे तीन शब्द नीट कळले असते तर हा संशय आला नसता. एम्प्लॉयी आणि एम्प्लॉयर यांत ऐकताना फरक शेवटच्या एका अक्षराचा, पण एम्प्लॉयी म्हणजे पगार घेणारा आणि एम्प्लॉयर म्हणजे देणारा.

‘कंत्राटी’ हा शब्द तर आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना तोच शब्द लावतो. एक फिक्स्ड टर्म, म्हणजे कंपनीच्याच हजेरीपटावर, पण ठरलेल्या मुदतीसाठी. दुसरा कॉन्ट्रॅक्ट लेबर, म्हणजे काम कंपनीच्या फाटकाच्या आत, पण नाव ठेकेदाराच्या पटावर. पहिल्याला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. दुसऱ्याच्या पत्रावर कंपनीचे नाव ‘प्रिन्सिपल एम्प्लॉयर’ म्हणून येते आणि एम्प्लॉयर म्हणून ठेकेदाराचे. मेळाव्यात कंपनीचा मोठा फलक लावलेला असतो, पत्र मात्र भलत्याच एजन्सीचे असते. ‘ऑन रोल’, ‘ऑफ रोल’, ‘थर्ड पार्टी पेरोल’ यांपैकी काय आहे, हे मुलाखतीतच विचारायला पोरांना शिकवले पाहिजे. विचारायचे वाक्यही सोपे आहे: ‘हूज पेरोल विल आय बी ऑन?’, म्हणजे माझे नाव कोणाच्या पगारपटावर असेल? एवढे एक वाक्य पाठ करून गेलेला उमेदवार चाळीस वाक्यांचा परिचय पाठ केलेल्यापेक्षा पुढे असतो, असे आमचे मत आहे. ट्रेनी आणि अप्रेंटिस यांचेही तसेच. अप्रेंटिस हा १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ असतो. त्याला मिळतो तो स्टायपेंड, पगार नव्हे. अंगणवाडी आणि आशा यांच्या ‘मानधना’ला इंग्रजीत ऑनरेरियम म्हणतात. मानधन आणि पगार यांतला फरक गावाला चांगलाच माहीत आहे. त्याच धाग्याने स्टायपेंड समजावला की लगेच कळतो.

आता काम सुटण्याचे शब्द. इथे मोबाइलवरचे धडे चक्क चुकीचे शिकवतात, कारण ते बहुतेक अमेरिकी वापराचे असतात. अमेरिकेत ‘लेड ऑफ’ म्हणजे कामावरून काढला. आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे वीज नाही, कच्चा माल नाही, मशिन बंद आहे, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही. कामगाराचे नाव पटावरच असते. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात वर्षभर काम झालेल्याला त्या दिवसांचे बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मे मिळते. कायमचे कमी करणे म्हणजे रिट्रेंचमेंट. त्यात वर्षभर सेवा झालेल्याला निदान महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. ले-ऑफची नोटीस वाचून ‘काढून टाकले’ असे समजून जो बॅग भरून गावी येतो, तो आपल्या हाताने गैरहजर होतो.

आणि गैरहजेरीला कंपनीच्या भाषेत जो शब्द आहे तो फार कडू आहे: ‘ॲबस्काँडिंग’. शब्दकोशात त्याचा अर्थ फरार. सोयाबीनच्या सोंगणीला, बहिणीच्या लग्नाला, दिवाळीला आलेला पोरगा पंधरा दिवस राहतो, सुपरवायझरला फोनवर ‘येतो’ म्हणतो, आणि तिकडे त्याच्या नावापुढे हा शब्द लागतो. मग रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळे केल्याचे पत्र, मिळत नाही, पुढची कंपनी ते मागते, आणि पी.एफ.मध्ये काम सोडल्याची तारीख टाकलेली नसते. ही तारीख शेवटचा हप्ता जमा झाल्याला दोन महिने झाल्यावर कामगार स्वतः पोर्टलवर टाकू शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नाही. हे सगळे टाळायला दोन ओळींचा ईमेल पुरतो: ‘आय ॲम ऑन लीव्ह फ्रॉम अमुक तारीख टू तमुक तारीख. आय विल रिझ्यूम ड्यूटी ऑन अमुक तारीख.’ इथला रिझ्यूम म्हणजे पुन्हा रुजू होणे. अर्जासोबत जोडतात तो रेझ्युमे. अक्षरे तीच, उच्चार आणि अर्थ दोन्ही वेगळे. फोनवर सांगितलेले पुरावा म्हणून उरत नाही, म्हणून निदान व्हॉट्सॲपवर तरी लिहून टाकावे. राजीनामा दिला तर पत्रात लिहिलेला नोटीस पिरियड पूर्ण करावा किंवा त्याचे पैसे भरावेत. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरही उरलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ असे सांगितले, तर निदान वेतनापुरता प्रश्न विचारता आला पाहिजे.

हे शिकवायचे कसे? आमचे म्हणणे एवढेच आहे की स्पॅनिश माणसाला जसा लॅटिनचा आधार आहे, तसा विदर्भाच्या खेड्यातल्या पोराला सालदाराशी, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याशी, होणाऱ्या ठरावाच्या भाषेचा आधार आहे. कामाचा करार गावाला नवा नाही. गुढीपाडव्याला साल ठरते, वर्षभराची रक्कम ठरते, उचल दिली जाते, खाडे मोजले जातात, साल मध्येच मोडले तर हिशेब होतो. नियुक्तीपत्रातला प्रत्येक मोठा शब्द यातल्या कशाला तरी लागून आहे. उचल म्हणजे सॅलरी ॲडव्हान्स. खाडा म्हणजे लॉस ऑफ पे. साल म्हणजे फिक्स्ड टर्म. शेवटचा हिशेब म्हणजे फुल अँड फायनल सेटलमेंट. पाडव्याचे बोलणे म्हणजे टर्म्स अँड कंडिशन्स. ज्यांच्या घरी कोणी जिल्हा परिषदेत किंवा शाळेत आहे त्यांना सरकारी मराठीही उपयोगी पडते: परिविक्षा म्हणजे प्रोबेशन, कार्यमुक्त म्हणजे रिलीव्ह, निलंबन म्हणजे सस्पेन्शन, बडतर्फी म्हणजे डिसमिसल. शब्दकोश हातात देण्याआधी ही घरची शिदोरी उघडावी.

वर्गाला लागतात तीन कागद: एक नोकरीची जाहिरात, एक नियुक्तीपत्र, एक पगारपत्रक. गावात कोणाकडून तरी मिळतात. नाव, आधार क्रमांक, बारा अंकी यू.ए.एन. (पी.एफ.चा कायमचा क्रमांक) आणि बँक खाते काळ्या शाईने झाकून मगच झेरॉक्स काढावी, कारण झाकायचे राहिले की तोच कागद फसवणुकीला कामी येतो. वीस जणांच्या गटाला रोज एक तास, बारा दिवस, रोज पाच शब्द. साठ शब्दांत हे तिन्ही कागद उलगडतात. पाचशे शब्दांच्या याद्या वाटणारे वर्ग आठवड्यात ओस पडतात. वहीत प्रत्येक शब्दापुढे घरचा शब्द, तो कागदावर कुठे आला ती जागा, आणि त्याचे एक वाक्य. ‘जागा’ हा रकाना वगळू नये. ‘डिडक्शन’चा अर्थ पाठ असलेला पोरगा पगारपत्रकाच्या उजव्या बाजूला बोट ठेवू शकला नाही तर तो शब्द त्याला आलेलाच नाही.

एक चूक पुष्कळ शिक्षक करतात. ग्रॉस-नेट, एम्प्लॉयर-एम्प्लॉयी, ले-ऑफ-रिट्रेंचमेंट अशा जोड्या एकाच दिवशी शिकवतात. फळ्यावर छान दिसते, पण दुसऱ्या दिवशी कोणता कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. एक शब्द आज पक्का करावा, जोडीदार तीन-चार दिवसांनी आणावा. वर्ग एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते आठ ठेवावा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, त्यानंतर कापसाची वेचणी, या दिवसांत ठेवलेला वर्ग मुलींसाठी तर बंदच असतो, कारण वेचणीला त्याच जातात.

बोलण्याच्या बाबतीत मात्र स्पॅनिश लोकांचे धडे जसेच्या तसे कामी येतात, आणि याचे आम्हाला अप्रूप वाटते. त्यांची जीभ ‘स्टुडंट’ला ‘एस्टुडंट’ करते, आपली वऱ्हाडी जीभ ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ आणि ‘स्टायपेंड’ला ‘इस्टायपेंड’. उपाय एकच: आधी ‘स्स्स’ लांबवायचा, मग पुढचे अक्षर. ‘मी तीन वर्षांपासून काम करतो’ याचे ते ‘आय वर्क हिअर सिन्स थ्री इयर्स’ करतात, आपण ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’. दोन्ही चूक. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’ हवे, आणि सिन्स हा २०२२ सारख्या सुरुवातीच्या साल-तारखेआधी. नावाचेही तसेच. त्यांना वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे, इंग्रजी फॉर्ममध्ये लास्ट नेम एकच. आपल्याकडे कधी आडनाव आधी, वडिलांचे नाव मध्ये, लग्नानंतर मुलीचे सगळेच बदललेले. आधार, बँक आणि पी.एफ. यांत नाव एकसारखे नसेल तर पुढे पैसे काढताना अर्ज अडकतो. फॉर्म भरताना आधार कार्ड समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसेच उतरवावे.

जाहिरातीच्या भाषेतले दोन शब्द राहिले. ‘अप टू २५,०००’ म्हणजे पंचवीस हजार नव्हे, जास्तीत जास्त पंचवीस हजार. आणि ‘रिफंडेबल डिपॉझिट’ किंवा ‘रजिस्ट्रेशन फी’ हे शब्द दिसले की तो कागद तिथेच ठेवून उठावे. खरा मालक नोकरी देताना पैसे मागत नाही.

आमच्या दोन विनंत्या आहेत. आपल्या दैनिकाने जिल्हा पानावर रोज एका चौकटीत असा एक शब्द द्यावा: इंग्रजी शब्द, घरचा शब्द, पगारपत्रकातली जागा. साठ दिवसांत साठ शब्द होतील आणि कात्रणे वहीत चिकटवता येतील. दुसरी विनंती गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी नावे झाकलेल्या नियुक्तीपत्रांची आणि पगारपत्रकांची एक फाइल ठेवावी. त्यात पहिला कागद ठेवायला आम्ही तयार आहोत. चौकटीसाठी साठ शब्दांची यादी या पत्रासोबत वेगळी जोडली आहे.

आपले,
नोकरीच्या इंग्रजीचे वर्ग घेणारे काही शिक्षक,
जि. यवतमाळ